बाजारबुणगे आणि रेड बॉल

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन)



समितीने विषय विचारला तेव्हा मी "सैन्याचं वाहतूक दल" असं सांगितलं, आणि फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग सल्ला आला, "अरे, एखादी लढाई घे ना, लोकांना आवडेल." आता लढाई घ्यायचीच, तर पानिपतापासूनच सुरुवात करू.

पानिपत म्हटलं की आपल्याला विश्वासरावांना लागलेली गोळी आठवते, भाऊसाहेब आठवतात. पण १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे सैन्य बाहेर पडलं, ते आधीच उपाशी होतं. दुआबातून रसद पाठवण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि तो रस्ता बंद झाला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. आणि दोष कुणाला दिला? बाजारबुणग्यांना! बुणगे म्हणजे लढाऊ फौजेच्या मागचा सगळा लवाजमा. त्यात यात्रेकरू होते, बायकामुलं होती, हे खरं. पण बैल हाकणारे, धान्य वाहणारे, तंबू लादणारेही त्यातच आले. आज आपण रिकामटेकड्या, उपद्रवी माणसाला बाजारबुणगा म्हणतो. ओझं वाहणाऱ्याबद्दल भाषेतच अढी बसली आहे, असं मला वाटतं. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून मोगलांना, मराठ्यांना आणि पुढे इंग्रजांनाही पुरवठा करत. त्यातल्या एका तरी नायकाचं नाव आपल्याला शाळेत शिकवलं का?

(जाता जाता: भारतीय सैन्याची आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे एएससी, आपली स्थापना ८ डिसेंबर १७६० ची मानते. गोविंदपंत पडले तोच महिना. निव्वळ योगायोग, पण मला तो चुटपुट लावतो.)

या विषयाकडे मी वळलो ते व्हर्जिनियात. विल्यम्सबर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहुण्यांना घेऊन पाहिलं असेल. तिथून जवळच फोर्ट यूस्टिस आहे. अमेरिकन सैन्याच्या ट्रान्सपोर्टेशन कोअरचं हे जुनं घर. ३१ जुलै १९४२ ला हे दल स्वतंत्र झालं. त्याचं प्रशिक्षण विद्यालय २०१० मध्ये फोर्ट ली इथे हललं. काही वर्षांपूर्वी मी यूस्टिसचं संग्रहालय पाहिलं. या दलाचं बोधचिन्ह मोठं गमतीचं आहे: जहाजाचं सुकाणूचक्र, त्यावर ढाल आणि ढालीवर रुळावर उभं असलेलं पंखवालं चाक. समुद्र, रस्ता, रेल्वे, आकाश, सगळं एकाच बिल्ल्यात! "काहीतरी हलल्याशिवाय काहीच घडत नाही" ही या दलातली आवडती म्हण. आमच्या आयटीत प्रोजेक्ट मीटिंगला भिंतीवर लावावी अशी आहे.

पण खरी गोष्ट सांगायची ती रेड बॉल एक्स्प्रेसची. १९४४ चा ऑगस्ट. नॉर्मंडीत उतरलेलं अमेरिकन सैन्य अपेक्षेपेक्षा फार वेगाने जर्मन सीमेकडे धावत सुटलं. जनरल पॅटनचे रणगाडे पुढे आणि पेट्रोल मागे किनाऱ्यावर. फ्रान्समधली रेल्वे दोस्तांच्या विमानांनी आधीच बाँब टाकून मोडलेली, कारण जर्मनांना ती वापरता येऊ नये. मोठं बंदरही हाताशी नाही. ४ सप्टेंबरला अँटवर्प मिळालं, पण तिथे मालाची जहाजं लागायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. एका डिव्हिजनला दिवसाला साधारण ७०० टन सामान लागतं. अशा २८ डिव्हिजन. करा गुणाकार. आणि दोन आघाडीच्या सैन्यांना मिळून रोज आठ लाख गॅलन पेट्रोल!

यावर उत्तर एकच, ट्रक. २५ ऑगस्टला सुरुवात झाली. सेंट लो पासून शार्त्रकडे दोन समांतर रस्ते निवडले, एक फक्त जाण्यासाठी, दुसरा फक्त येण्यासाठी. स्थानिक गाड्यांना पूर्ण मज्जाव. चौकाचौकात लाल गोळ्याची पाटी. अमेरिकन रेल्वेत तातडीच्या मालाला "रेड बॉल" म्हणत, तिथून हे नाव आलं. चारच दिवसांत रस्त्यावर जवळजवळ सहा हजार गाड्या होत्या आणि २९ ऑगस्ट या एका दिवशी त्यांनी बारा हजार टनांहून अधिक माल पोचवला. अडीच टनांच्या ट्रकवर पाच-पाच टन लादलेले. वेगमर्यादा ताशी २५ मैल, ती पाळली कुणी नाही. वेग रोखणारं यंत्रच ड्रायव्हर बिघडवून ठेवत. रात्री दिवे म्हणजे मांजराच्या डोळ्याएवढी फट. टायर फाडण्यात शत्रूपेक्षा जास्त वाटा होता तो सैनिकांनीच रस्त्यावर फेकलेल्या जेवणाच्या रिकाम्या डब्यांचा. १६ नोव्हेंबरला हे सगळं थांबलं तेव्हा ४,१२,१९३ टन माल पुढे गेला होता.

हे ड्रायव्हर कोण होते? त्यातले सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय. त्यांना ट्रक दिले ते आवडीने नव्हेत. आघाडीवर लढायला ही माणसं लायक नाहीत, असं त्यांच्याच सैन्याचं मत होतं. म्हणून बंदरावरची हमाली, स्वयंपाक, धुलाई, ट्रक. पलटणी वेगळ्या, भोजनगृहं वेगळी, रक्तपेढीत रक्तसुद्धा वेगळं. हे मोडणारा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम २६ जुलै १९४८ ला निघाला. आपण मराठी माणसांनी याला फार नाकं मुरडू नयेत. ज्या महार सैनिकांनी पिढ्यानपिढ्या नोकरी केली, त्यांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली आणि आपल्या समाजाने हूं की चूं केलं नाही. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा पाठपुरावा होता.

१९५२ मध्ये हॉलिवूडने "रेड बॉल एक्स्प्रेस" नावाचा सिनेमा काढला. नायक कोण? गोरा लेफ्टनंट. सिडनी पॉइटिए त्यात आहे, पण बाजूला.

आता थोडं घरचं. माझे मामा सातारा जिल्ह्यातले, एएससीत ड्रायव्हर होते. श्रीनगर-लेह रस्ता. झोजीला साडेअकरा हजार फुटांवर आणि हिवाळ्यात बर्फाने बंद. म्हणून रस्ता खुला असतो त्या महिन्यांत लडाखच्या अख्ख्या वर्षाचं पीठ, डाळ, रॉकेल वर न्यायचं. १९९९ मध्ये कारगिलला शत्रू टेकड्यांवर बसला तो याच रस्त्यावर नजर ठेवून. द्रासच्या पट्ट्यात दिवे बंद करून रात्री गाड्या न्याव्या लागत. मी तेव्हा शाळेत होतो. मामा सुट्टीवर आले की मी विचारायचो, "मामा, तुम्ही बंदूक चालवली का?" मामा म्हणायचे, "न्हाय रं, आमी गाडी चालवली." एवढंच. त्या वर्षी गावात पायदळातल्या पोरांचे सत्कार झाले. मामांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र अजून वाटतं. वर बसलेल्या जवानाच्या ताटात डाळ आली ती काय हेलिकॉप्टरमधून आपोआप टपकली? एएससीचं ब्रीदवाक्य आहे "सेवा अस्माकं धर्मः". मामांना त्याचा अर्थ पाठ होता, पण कधी ऐकवायचे नाहीत.

फोर्ट यूस्टिसच्या संग्रहालयात मी ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो व्हिएतनाममधला एक ट्रक होता, काळा रंगवलेला, "ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन" नावाचा. २ सप्टेंबर १९६७ ला रूट १९ वर एका ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि सात जण गेले. रस्त्याला पुरेसं संरक्षण मिळेना, तेव्हा ड्रायव्हरांनी मालाचेच काही ट्रक घेतले, आधी वाळूची पोती रचली, मग भंगारातले पोलादी पत्रे ठोकले आणि वर मशिनगन बसवल्या. असे "गन ट्रक" कुठल्या कारखान्यातून आले नव्हते, पोरांनी तळावर वेल्डिंग करून बनवले. तिथून परत आलेला तो एकच.

अशाच एका गन ट्रकवर २३ फेब्रुवारी १९७१ ला लॅरी डाल होता. ट्रकमध्ये ग्रेनेड पडला, तेव्हा साथीदारांना सावध करून त्याने त्यावर स्वतःचं अंग टाकलं. वय २१. त्याआधी २५ ऑगस्ट १९६८ ला, म्हणजे रेड बॉल सुरू झाल्याला बरोबर चोवीस वर्षं झाली त्या दिवशी, विल्यम सी हा १९ वर्षांचा ड्रायव्हर आप न्ही गावाजवळ शत्रूचे ग्रेनेड उचलून परत फेकत होता. तो तिथेच मारला गेला. दोघांनाही मेडल ऑफ ऑनर मिळालं, मरणोत्तर. पुढे दोन मोठ्या जहाजांना त्यांची नावं देण्यात आली. युद्धनौका नव्हेत; सैन्याचे ट्रक आणि रणगाडे पोटात घेऊन समुद्रापार नेणारी मालवाहू जहाजं.

मामांना मी फोनवर हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती गाड्या बसत्यात रं त्यात?" मी म्हटलं, शेकड्यांनी. ते म्हणाले, "मग बरोबर नाव दिलंय."