हाड जुळतं, हात आपण परत आणायचा



मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं काम करते. बायका मला ‘व्यायामाची डॉक्टरीण’ म्हणतात. पावसाळा लागला की माझ्याकडे मनगट मोडलेल्या बायका जास्त येतात. कुणी अंगणातल्या शेवाळावरून घसरलेली असते, कुणी बांधावरून, कुणी गोठ्यात शेण काढताना. वय बहुतेक पन्नाशीच्या पुढचं. तोल गेला की आपला हात आपसूक पुढे येतो, सगळ्या अंगाचा भार तळव्यावर पडतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. म्हणून आज मोडलेल्या हाताबद्दल बोलू. तो पुन्हा कामाला कसा लावायचा, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं आणि या सगळ्यात आपल्या श्रद्धेचा काय उपयोग, असं तिन्ही सांगते.

आधी पडल्यानंतरचा पहिला तास. हात दुखतोय, सुजायला लागलाय, मनगट वाकडं दिसतंय. अशा वेळी सगळ्यात आधी त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढायची. सूज वाढली की त्या निघत नाहीत आणि बोटांचा रक्तपुरवठा अडतो. इथे पुष्कळ जणी थबकतात. हिरव्या बांगड्या कशा काढायच्या, सासूबाई काय म्हणतील, असं मनात येतं. अहो, दुसऱ्या हातात बांगड्या आहेतच की! हात बरा झाला की ह्या हातातही भरा. आणि सासूबाई ऐकत असतील तर त्यांना माझी विनंती, सुनेच्या बांगड्या तुम्हीच आपल्या हातानं उतरवा. मग तिला अवघड वाटणार नाही.

मग जाड पुठ्ठा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र हाताखाली धरून ओढणीनं सैलसर बांधायचं आणि हात गळ्यात अडकवायचा. चोळायचं नाही, ओढायचं नाही, तेल लावायचं नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढायचा. हाड बसवणाऱ्या जाणत्या माणसावर गावाचा विश्वास असतो, हे मला माहीत आहे. पण हाड कुठे आणि कसं मोडलंय हे एक्स-रेशिवाय दिसत नाही. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या तर रक्त अडतं आणि हात कायमचा जाऊ शकतो. म्हणून एक्स-रे आधी, बाकी सगळं नंतर.

प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे असतं. या दिवसांत दोन तऱ्हा मी नेहमी पाहते. एक मावशी होत्या. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं, तसा त्यांनी पाण्याचा हंडा उचलला. घरात म्हणत होते, हाड तर बसवलंय, आता काय झालंय? बसवलेलं हाड सरकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. दुसऱ्या एक ताई होत्या. त्यांनी भीतीपोटी दीड महिना बोटसुद्धा हलवलं नाही. प्लास्टर निघालं तेव्हा हाड छान जुळलं होतं, पण मूठ वळेना, खांदा वर जाईना. भाकरी थापायला, केसांची वेणी घालायला त्यांना पुढे कितीतरी महिने लागले.

या दोघींच्या मधला रस्ता आपल्याला धरायचा आहे. मोडलेल्या जागेवर भार टाकायचा नाही, पण जे मोकळं आहे ते हलवत राहायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा बोटं पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा. कोपर प्लास्टरच्या बाहेर असेल तर ते वाकवायचं, सरळ करायचं. दिवसातून चार वेळा हात डोक्याच्या वर न्यायचा, नाहीतर खांदा आखडतो. बसताना, झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा म्हणजे सूज उतरते. प्लास्टर भिजवायचं नाही, खाजलं तरी आत काडी घालायची नाही.

आता हे नीट लक्षात ठेवा. बोटं निळी किंवा पांढरी पडली, गार लागली, बधिर झाली, मुंग्या येत राहिल्या, बोट सरळ करताना जीव जाईल असं दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. प्लास्टर घट्ट झालेलं असू शकतं आणि अशा वेळी काही तासांचा उशीरही महागात पडतो.

मग प्लास्टर निघतं. हात बारीक दिसतो, कातडी कोरडी, मनगट लाकडासारखं. पुष्कळ जणी त्या दिवशी माझ्यासमोर रडतात. त्यांना वाटतं, हात गेला. मैत्रिणींनो, इतके दिवस बंद असलेला हात असाच दिसतो. हाड शरीरानं जुळवलं. हात मात्र आपल्याला परत आणायचा असतो, थोडा थोडा, रोज.

घमेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घ्या. त्यात हात दहा मिनिटं ठेवून मनगट वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. मग एक व्यायाम, जो तुम्हाला शिकवावा लागणार नाही. तीर्थ घेताना आपण तळवा कसा वर करतो? तसा तळवा वर करा, मग खाली करा. कोपर मात्र कमरेला चिकटलेलं हवं. मनगट मोडल्यावर हे तळवा वर करणं फार उशिरा परत येतं. आपल्या गटातल्या मुस्लिम मैत्रिणी दुआ मागताना दोन्ही तळवे वर उघडतात, तोही हाच व्यायाम.

दुसरा व्यायाम नमस्काराचा. छातीसमोर दोन्ही तळवे पूर्ण जोडा. तळवे चिकटलेलेच ठेवून हात हळूहळू खाली, पोटाकडे न्या. कोपरं बाजूला उघडत जातील आणि मनगटाला ताण बसेल. थोडा ताण जाणवेल तिथे थांबा, दहा आकडे मोजा, सोडा. असं पाच वेळा. बुद्धवंदना म्हणणाऱ्या माझ्या एक ताई हे सकाळ-संध्याकाळ वंदनेच्या वेळीच करायच्या. वेगळा वेळ काढावा लागला नाही आणि एकही दिवस चुकला नाही.

ताकद त्याच्या पुढची. आधी कापडाचा मऊ बोळा दाबायचा. मग कणकेचा छोटा गोळा मळायचा. मग ओला रुमाल पिळायचा. भाकरी थापणं, हंडा उचलणं, खुरपणी ही कामं डॉक्टरांना विचारूनच सुरू करायची. पूर्ण ताकद यायला कित्येक महिने जातात. व्यायामानंतर थोडं दुखणं चालेल. पण दुसऱ्या दिवशीही हात ठणकत असेल, सूज आली असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि थोडं कमी करायचं. व्यायाम बंद मात्र करायचा नाही.

आता श्रद्धेबद्दल. ‘देवाच्या मनात असेल तर होईल बरं,’ असं खूप जणी म्हणतात. मी त्यांना विचारते, तुमचा नेम काय आहे? कुणाचा हरिपाठ असतो, कुणी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, कुणाची नमाज असते. पाऊस असो, पाहुणे असोत, नेम चुकत नाही. माझं म्हणणं एवढंच की मोडलेल्या हाताला असाच नेम लागतो. आज काही फरक दिसला नाही तरी उद्या पुन्हा करायचं, हे आपल्याला श्रद्धेनं आधीच शिकवलेलं आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे. साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन ते चालतात. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, रोजच्या मुक्कामापुरतंच चालायचं असतं.

श्रद्धा उपचारांच्या आड येता कामा नये. उपासाचंच बघा. हाड जुळताना अंगाला प्रथिनं लागतात, कॅल्शियम लागतं. श्रावणातले उपास नुसत्या साबुदाण्यावर काढले तर त्यातून पिठूळपणाशिवाय फारसं काही मिळत नाही. उपास धरायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही घ्या. किंवा यंदा देवाला सांगा, हात बरा होईपर्यंत उपास राहू दे. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नकोच. आणि मिसरी, तंबाखू या दिवसांत तरी सोडा. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो.

पन्नाशीनंतर नुसतं उभ्यानं पडून हाड मोडलं, तर ती सूचना समजा. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. आज मनगट मोडलं, उद्या खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्याला मोठी शस्त्रक्रिया लागते. म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा, माझी हाडं ठिसूळ झालीत का, गोळ्या घ्यायला हव्यात का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, गाईच्या पेलाभर दुधात सुमारे २४०. शिवाय तीळ, शेवग्याचा पाला आहेच. घरचं सगळं दूध डेअरीला घालण्याआधी एक पेला स्वतःसाठी ठेवा.

‘आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. राबण्यानं अंग थकतं, पण त्यात वाकणं आणि उचलणंच जास्त असतं. तोल सांभाळायचा सराव होत नाही. त्यासाठी भिंतीला हात टेकून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभ्या राहा, मग दुसऱ्या पायावर. टाचा वर-खाली दहा वेळा करा. भक्कम खुर्चीवरून किंवा कट्ट्यावरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. पाच-सात मिनिटांचं काम. आणि अंगणातलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, झिजलेली चप्पल बदला, रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या.

शेवटची गोष्ट आपल्या गटासाठी आहे. मघाच्या मावशींनी तिसऱ्या आठवड्यात हंडा का उचलला? त्यांना कळत नव्हतं असं नाही. घरात दुसरं कुणी पाणी भरणार नव्हतं. बाईला विश्रांती सांगणं सोपं असतं, पण तिच्या वाटणीचं काम कोण करणार हे कुणीच सांगत नाही. गंगाखेडची जनाबाई दळायला बसली की विठ्ठल तिला दळू लागायला यायचा, अशी आपली परंपरा सांगते. हजार कामांचा तो देव, पण थकलेल्या बाईच्या जात्याला हात लावायला त्याला कमीपणा वाटला नाही. मग आपण गटातल्या जणी, घरातले पुरुष, कॉलेजात जाणारी मुलं, आपल्याला काय हरकत आहे?

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. गटातल्या कुणाचं हाड मोडलं तर सहा आठवडे तिचं पाणी, गोठा आणि भाकरी यांच्या पाळ्या लावायच्या. जमेल ते कामं वाटून घ्यायचं आणि तिच्या घरच्या माणसांची नावंही त्या यादीत घालायची. दुसरं म्हणजे एक्स-रे आणि गाडीभाड्यासाठी गटाच्या बचतीतून त्याच दिवशी पैसे देता येतील, असा ठराव लिहून ठेवायचा. कुणी पडल्यावर बैठक बोलवायला वेळ नसतो.

आणि ज्यांचा हात आत्ता प्लास्टरमध्ये आहे त्यांनी माझं बोलणं संपल्या संपल्या बोटं दहा वेळा उघडा आणि मिटा. एका तासानं पुन्हा करा.