घरातला सण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी सरळ नाही म्हटले होते. पण त्या म्हणाल्या, "देवळात जाता येत नव्हते, तेव्हा तुम्ही घरी सण कसे केलेत, तेवढेच सांगा." तेवढे मला येते, म्हणून उभी राहिले.

आपल्या मंडळात ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी एक सांगते. आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. रविवारी आणि ठरलेल्या मोठ्या सणांना तिथे मिस्सेला जाणे ही आम्हा कॅथॉलिक लोकांत मर्जीची गोष्ट नाही. तो नियम आहे. माझ्या सासूबाईंनी तो जन्मभर पाळला. पायात काटा मोडलेला असला तरी त्या पहिल्या बाकावर.

२०१७ च्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरल्या. खुबा मोडला आणि त्या खाटेला खिळल्या. त्यांना एकटे ठेवण्याची सोय नव्हती. मग घरी कोणी थांबायचे? हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सून थांबायची, हे ठरलेलेच होते.

त्या वर्षी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळे नवे कपडे घालून निघून गेले. मी मागे मोरीत भांडी आपटत बसले. खोटे कशाला सांगू, राग देवावरही होता आणि सासूबाईंवर तर होताच. तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, भांडी फोडू नकोस. मेणबत्ती लाव आणि लूकचा दुसरा अध्याय वाच."

मी वाचला. मोठ्याने वाचायची सवय शाळेबरोबरच सुटलेली. मी अडखळले की पुढचा शब्द त्या सांगत. त्यांना सगळे पाठ होते. मेंढपाळ गोठ्याशी पोहोचले आणि सासूबाई रडू लागल्या. जन्मात पहिल्यांदा नाताळची मिस्सा चुकली, आता हे पाप कुठे फेडू, म्हणून.

मी ही गोष्ट फादरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, आजारी माणसाला हा नियम बांधत नाही आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आजारपण आणि तान्ह्या मुलांची देखभाल ही कारणे उदाहरणादाखल दिलीच आहेत. १९८३ च्या धर्मनियमांत तर म्हटले आहे, की जाणे अशक्य असेल तर घरच्यांनी मिळून प्रार्थना करावी. भगिनींनो, मी तीन मुले वाढवली. प्रत्येक वेळी रडते पोर कडेवर घेऊन देवळाच्या दारात उभी राहिले आणि मागे वळून बघणाऱ्यांच्या नजरा सोसल्या. हे मला तेव्हाच कोणी सांगितले असते तर!

मग महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी येऊन सासूबाईंना ख्रिस्तशरीर देऊ लागले. मी लहान मेजावर पांढरे कापड घालायची, मध्ये क्रूस, दोन बाजूंना दोन मेणबत्त्या, पाण्याचा पेला. त्या दिवशी सासूबाई पहाटेपासून केस विंचरून तयार असत. बाकीचे सण आम्ही दोघी आमच्या आमच्या करू लागलो. त्यात विशेष काही नव्हते: त्या दिवसाचे वाचन, जपमाळ, आणि त्यांना आठवतील ती जुनी गीते, निम्मी सुरात.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देवळे बंद झाली. सगळे गाव आमच्यासारखे घरात बसले. तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारले, "तुम्ही घरी कसे करता हो?" तीन वर्षे जिच्याकडे लोक कीव करून बघत होते, तिला विचारायला आल्या! मला जरा बरे वाटले, हे कबूल करते.

५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता. आमच्याच वाडीतल्या माडाची कोवळी झावळी मुलाने काढून आणली. फादरांनी आशीर्वाद न दिलेली झावळी चालेल का, याचा सासूबाईंना घोर. त्याच रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी दारात दिवे लावले. समोरच्या काकूंची पणती आणि आमची मेणबत्ती एकाच वेळी पेटली.

मोबाईलवर मिस्सा दिसे, पण एवढेसे फादर पाहून सासूबाईंचे मन भरेना. फादरांनी त्यांना फोनवर जपानची गोष्ट सांगितली. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत. लोकांनी लपूनछपून घरातच बाप्तिस्मा दिला, प्रार्थना जपल्या, सणांचे दिवस मोजले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या देवळात उराकामी गावचे काही लोक आले आणि त्यांतल्या एका बाईने फ्रेंच फादर पतिजाँ यांना हळूच विचारले, मरियामातेची मूर्ती कुठे आहे? आपला उपवासकाळ चालू आहे हेही त्यांनी सांगितले. पंचांगाप्रमाणे तो चालूच होता. अडीचशे वर्षांत त्यांची मोजणी चुकली नव्हती.

सासूबाईंनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "आणि ख्रिस्तशरीर?"

ते त्या लोकांना मिळत नव्हते. यांनाही ६ मार्चनंतर मिळाले नव्हते. घरी सगळे करता येते असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ही एक गोष्ट घरी होत नाही. मनातल्या मनात ते घेण्याची इच्छा धरायची, अशी प्रार्थना आहे. ती आम्ही रोज म्हटली. भूक भागली नाही.

९ एप्रिलला पवित्र गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून देवळात बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत बायकाही असाव्यात अशी मोकळीक २०१६ साली मिळाली, त्यापूर्वी नियमाने पुरुषच. सासूबाईंचे पाय मी रोजच धूत होते, त्या दिवशीही धुतले. पुसून उठणार, तर त्या म्हणाल्या, "आता तू पाय वर घे."

मी नको नको म्हणत होते. त्यांना धड बसताही येत नव्हते. शेवटी खाटेवर परात ठेवली, पाठीला दोन उशा दिल्या आणि त्यांनी थरथरत्या हातांनी माझे पाय धुतले. निम्मे पाणी गादीवर सांडले. दोघींपैकी कोणीच काही बोलले नाही. नंतर मी चादर बदलली.

ईस्टरला अंडी उकडली, शेजारी कुंपणावरून पोहोचवली. पुढे देवळे उघडली आणि फादर पुन्हा येऊ लागले, तेव्हा पहिल्या शुक्रवारी त्या पहाटे तीनपासून जाग्या होत्या. २०२२ मध्ये त्या गेल्या.

आता मी दर रविवारी देवळात जाते. मेजावरचे पांढरे कापड, क्रूस आणि दोन मेणबत्तीदाण्या माझ्या पेटीत आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी खाटेवर माणूस असेल आणि फादर येणार असतील, तर संकोच न करता मागून न्यावे. कापड मात्र नीळ न घालता धुवावे, जुने आहे.