गरम मुठी



वर्धा जिल्हा म्हटला कीं बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढें वैशाखांतील ऊनच उभें राहतें. जेथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, तेथल्या थंडीविषयीं बोलावयाचें, आणि तेंही फटफटीच्या मुठी गरम करण्याविषयीं, हें ऐकून कोणास हंसूं आलें तर मी त्यास दोष देणार नाहीं. परंतु पौषांतल्या पहांटे वर्ध्याहून नागपुराकडे फटफटीवर निघालेला मनुष्य हंसणार नाहीं. आपल्या शेजारच्या नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजीं किमान उष्णमान ३.५ अंशांपर्यंत उतरलें होतें. अशा दिवसांत पवनारला धाम नदीचा पूल येईपर्यंतच बोटांचीं टोकें दुखूं लागतात. सेलू मागें पडलें कीं दुखणें थांबतें, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो; कारण बोटें बरीं झालेलीं नसतात, बधिर झालेलीं असतात.

हवा १० अंश असली आणि गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असली, तर उघड्या कातडीला ती सुमारें ५ अंशांसारखी भासते. शरीर आपली ऊब पोटांतील अवयवांसाठीं राखून ठेवतें. बोटांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पण ब्रेक आणि क्लच हे तर बोटांच्याच हातीं! ६० च्या वेगानें गाडी दर सेकंदास १६ मीटरांहून अधिक अंतर तोडते. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ८ मीटर अंतर फुकट गेलें. तेवढ्यांत आडवी आलेली बैलगाडी चुकावयाची नाहीं.

उपाय क्रमानें करावे. प्रथम वारा अडवावा : हातांपुढें आडोसा बसवावा आणि कोरडे, जाड हातमोजे घालावे. एवढ्यानें भागलें नाहीं तर मग गरम मुठी. यांच्या रबरांत बारीक तार गुंडाळलेली असते. विजेच्या इस्त्रीप्रमाणें ती तापते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर जोडीस सुमारें ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट वीज लागते. लहान गाडीचा पुढचा दिवा साधारण ३५ वॅटचा असतो. म्हणजे हा दुसरा दिवाच पोसावयाचा झाला. त्यांत एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळतच असतो. म्हणून मुठी विकत घेण्यापूर्वीं आपल्या गाडीस एवढी वीज झेपेल कीं नाहीं, हें मिस्त्रीस विचारावें. बसविल्यानंतर इंजिन मध्यम गतीनें चालवून, दिवा व मुठी दोन्ही चालू ठेवून, बॅटरीवर मीटर लावावा. कांटा १३ व्होल्टच्या वर राहिला तर ठीक. साडेबाराच्या खालीं आला तर बॅटरी आपल्या मुठींस विकली गेली असें समजावें.

जोडणी बॅटरीवरून घ्यावी, पण मध्यें रिले, म्हणजे किल्लीचा हुकूम ऐकणारा खटका, असावा. किल्ली काढतांच मुठी थंड झाल्या पाहिजेत. बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. डावी मूठ नुसत्या नळीवर बसते, उजवी रेसच्या फिरत्या बाहीवर. म्हणून दोघींचीं भोकें निरनिराळीं असतात. जुना डिंक नीट खरवडून काढावा, आणि उजवी मूठ आंतल्या बाजूस कोठेंही घासणार नाहीं एवढी फट ठेवावी.

आतां माझी चूक सांगतों. मीं उजव्या मुठीची तार नीटनेटकी दिसावी म्हणून हँडलच्या मानेशीं घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशीं अंगणांतून गाडी डावीकडे वळवितांना तार ताणली गेली, तिनें रेसची मूठ ओढली, आणि गाडी फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. दिवा फुटला, गुडघा सोलला, एवढ्यावर निभावलें. हेंच नागपूरच्या रस्त्यावर घडलें असतें, तर मी आज आपल्यापुढें बोलावयास आलों नसतों.

म्हणून तारेला सैल वळण द्यावें, आणि गाडी न्यूट्रलमध्यें उभी करून परीक्षा घ्यावी. हँडल पुरें डावीकडे, मग पुरें उजवीकडे वळवावें. प्रत्येक वेळीं रेस देऊन मूठ सोडावी. ती आपोआप मागें आली पाहिजे, आणि हँडल फिरवितांना इंजिनाचा आवाज बदलतां कामा नये. ही परीक्षा उतरेपर्यंत मुठींची ऊब घेऊं नये.

पहांटे दूध घेऊन निघणारे गवळी, वर्तमानपत्रें वाटणारीं मुलें, सेवाग्रामच्या रुग्णालयांतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका, यांना ही ऊब चैन नव्हे. थंडी सोसणें हा गुण असेल. पण ब्रेकवरच्या बोटांनीं तो दाखवूं नये. आणि मुठी घेण्याची ऐपत नसेल, तर केळझरला गाडी थांबवावी, चहाचा पेला दोन्ही हातांत धरावा, आणि बोटें पुन्हां आपलीं वाटूं लागलीं म्हणजेच पुढें निघावें. नागपूर कांहीं पळून जात नाहीं.