कलकत्त्याच्या जादूघरात एक दिवस
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने सांगितले, बुद्धगयेच्या सहलीविषयी चार शब्द बोला. बुद्धगया तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. म्हणून आम्ही बोलणार आहोत ते परतीच्या वाटेवर कलकत्त्यात घालवलेल्या एका दिवसाविषयी. गाडी रात्रीची होती, दिवस मोकळा होता. काही मंडळी म्हणाली, म्युझियममध्ये मोडक्या मूर्ती काय बघायच्या, त्यापेक्षा बाजार करू. निम्मे बाजारात गेले. आम्ही चौदा जण पोराबाळांसह चौरंगीवर उतरलो.

तिथल्या इंडियन म्युझियमला बंगाली माणूस जादूघर म्हणतो. स्थापना १८१४ ची, आपल्या देशातले हे सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय. सोमवारी बंद असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आत गेल्याबरोबर पोरे पळाली इजिप्तच्या ममीकडे. पळू द्या, हजारो वर्षांचे प्रेत कुणाला बघावेसे वाटणार नाही? आम्हाला गाठायचे होते भरहुतचे दालन.

भरहुत हे मध्य प्रदेशात सतन्याजवळचे गाव. तिथला स्तूप दोन हजार वर्षांहून जुना. १८७३ साली कनिंगहॅम साहेब तिथे पोचला, तोवर आसपासच्या लोकांनी त्याचे दगड-विटा घरे बांधायला नेलेले होते. जो दगडी कठडा आणि पूर्वेचे तोरण उरले, त्यातले बरेचसे आज या दालनात उभे आहे. तांबूस दगड, आणि बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही.

आमच्यातल्या एक मावशी फूल घेऊन आल्या होत्या. सगळीकडे हिंडून म्हणाल्या, "अहो, यात बुद्ध कुठंय?" प्रश्न बरोबर होता. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. बोधिवृक्ष दाखवायचा, चक्र दाखवायचे, पावले दाखवायची, रिकामे आसन दाखवायचे. लोक हात जोडून उभे आहेत आणि आसन रिकामे आहे. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. फूल त्यांनी पिशवीतच ठेवले, रखवालदार तसाही ठेवू देत नव्हता.

एका वर्तुळात जेतवनाची खरेदी कोरली आहे. गाडी सोडलेली, बैल बाजूला, आणि माणसे चौकोनी नाणी जमिनीवर मांडतायत. अनाथपिंडिकाने जमीन नाण्यांनी झाकून विकत घेतली ही गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने बैलासकट दाखवली आहे, आणि कशाचे चित्र ते खाली लिहूनही ठेवले आहे.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती दान देणाऱ्यांची नावे. आम्ही जाण्याआधी वाचनालयात बसून टिपणे काढली होती, म्हणून उमगले. एक खांब दिला आहे नाशिकच्या गोरक्षितेने, वसुकाच्या बायकोने. एक दान करहकट नगराचे, म्हणजे आपले कऱ्हाड असे अभ्यासक मानतात. आमच्यातले दोघे कऱ्हाडकडचे, ते तिथून हलेनात! आणि एक दान आहे बुद्धरक्षित नावाच्या रूपकाराचे, म्हणजे मूर्ती कोरणाऱ्याचे. मंडळी, आम्ही साचेखात्यात जन्म काढला. ताग्यावर शिक्का बसायचा तो गिरणीचा. विणणाऱ्याचे नाव ताग्यावर आम्ही कधी पाहिले नाही. इथे हातात छिन्नी धरणाऱ्याचे नाव दगडावर आहे.

दुपारी पार्क स्ट्रीटवर एशियाटिक सोसायटीत गेलो. चालत जाण्याइतके जवळ आहे. १७८४ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथे राजस्थानातल्या बैराटहून आणलेला अशोकाचा शिलालेख आहे. त्यात मगधाचा राजा संघाला आधी अभिवादन करतो, मग धम्माची सात प्रवचने नावानिशी सांगतो. राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश त्यात आहे. भिक्षु-भिक्षुणींनी ही वारंवार ऐकावीत, आणि उपासक-उपासिकांनीही, असे राजा म्हणतो. म्हणजे ते पत्र आपल्याही नावाचे आहे की! पण समोर उभे राहून आपल्याला एक अक्षर लागत नाही. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

ही ब्राह्मी लिपी शेकडो वर्षे कुणालाच येत नव्हती. प्रिन्सेप साहेबाने १८३७ साली ती उलगडली. सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती अक्षरे येतात हे त्याच्या नजरेला आले, आणि शब्द निघाला 'दानं'. म्हणजे ज्या शब्दाने लिपी उघडली तो शब्द साध्या माणसांच्या देण्याचा. पोरांना आम्ही भरहुतच्या दालनातच 'न' दाखवला होता, आडव्या रेघेवर उभी काठी. ममी सोडून पोरे खांबाखांबावर 'दानं' शोधत फिरली. सहावीतल्या एका मुलीने पाच ठिकाणी शोधला, आम्हाला तीनच सापडले.

तेव्हा समितीपुढे आम्ही मागणी ठेवली आहे, रविवारच्या बालवर्गात अर्धा तास ब्राह्मीला द्यावा. मोठ्यांनीही बसावे, लाजू नये. अक्षरे आली की मुलांना कार्ल्याच्या लेण्यांत न्यायचे आहे, तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवरही 'दानं' कोरलेले आहे. यायचे असेल त्यांनी विहारात नावे द्यावीत. भाकरी घरची, आणि आत अंधार असतो म्हणून बॅटरी बरोबर आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!