कारभार एकीच्या हाती असावा का?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाचे सारे काम एकाच बाईंकडे सोपवावे, म्हणजे गोंधळ होणार नाही, असे यंदा बऱ्याच जणींचे म्हणणे आहे. माझी शाळा सातवीपर्यंतची. पण धाकट्या जावेच्या मुलीने कॉलेजच्या पुस्तकातले काही समजावून सांगितले, ते सांगते.

अमेरिकेत लेव्हिट नावाच्या संशोधकाने पाच-पाच माणसांचे गट केले. हे १९५१ साली छापून आले. प्रत्येकाला एक चिन्हांचे कार्ड. सर्वांकडे समान असलेले चिन्ह कोणते, ते न बोलता चिठ्ठ्या पाठवून ओळखायचे. एका गटात साऱ्या चिठ्ठ्या मधल्या माणसाकडे, जसे चाकाचे आरे तुंब्याला येऊन मिळतात. दुसऱ्या गटात फेर धरल्याप्रमाणे प्रत्येकाने शेजारच्या दोघांनाच लिहायचे. चाकवाल्यांना चिठ्ठ्या कमी लागल्या, चुकाही कमी झाल्या. फेरातल्यांनी चिठ्ठ्यांचा ढीग केला, पण काम आवडले ते त्यांनाच. चाकात मधला तेवढा खूष, कडेचे कंटाळलेले. (हे कळायला पुस्तक कशाला हवे म्हणा!)

मग एकीकडेच कारभार द्यावा, असे वाटेल. पण त्याच सुमारास दुसऱ्या संशोधकांनी रंगीत गोट्या देऊन पाहिले. साधे रंग होते तोवर ठीक चालले. मग मिसळलेल्या रंगांच्या गोट्या आल्या. आपल्यातच पाहा, एकाच साडीला एक म्हणते मोरपंखी, दुसरी रामा, तिसरी हिरवट निळी. तिथेही तेच झाले, सगळेच चुकू लागले. फेरातल्यांनी हळूहळू रंगांची नावे आपसांत जुळवून घेतली व त्यांच्या चुका पुष्कळ उतरल्या. चाकवाले मात्र चुकतच राहिले. कडेच्यांना एकमेकांना विचारण्याची सोयच नव्हती ना!

गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी एकाच बाईंच्या वहीत होत्या. ऐन वेळी त्यांना लेकीच्या बाळंतपणाला जावे लागले. त्यांचा काय दोष? पण चकल्या तळून तयार, आणि कोणाला किती द्यायच्या ते कोणालाच ठाऊक नाही! दोन दिवस आम्ही घरोघर विचारीत फिरलो.

तेव्हा हळदीकुंकवाचे निरोप, वर्गणी अशी ठरीव कामे खुशाल एकीकडे द्या. फराळाच्या वहीची नक्कल मात्र दुसऱ्या घरी असावी, आणि चकलीवालीने लाडूवालीशी थेट बोलावे. दर वेळी चिटणीसबाईंचे दार गाठायला लावू नये. ठरावात एवढे घालावे, अशी माझी विनंती आहे.