पडद्याविना माहिती

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



हल्ली शिष्यवृत्तीची माहिती देण्यासाठी सभा भरते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर एकामागून एक स्लाइड झळकू लागते. वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून तोच मजकूर वाचतो. श्रोत्याने डोळ्यांनी वाचावे की कानांनी ऐकावे? दोन्ही अर्धवट राहतात. मागच्या रांगेतील पालकास अर्जाची मुदत उमगत नाही, आणि हुशार मुलाचे एक वर्ष हातचे जाते. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या आपणांस परकी नाही. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून पटविले जाते. गोष्टीवाचून नियम मनावर ठसत नाही, हे कीर्तनकारांनी पुरते ओळखले होते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्या तोंडून वदवून घेत. स्वमुखाने दिलेले उत्तर मनुष्य सहसा विसरत नाही.

चित्राचेही तसेच. कुडाळजवळील पिंगुळी गावचे चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर मांडून वाद्यांच्या साथीने कथा गातात. चित्र मुके असते. बोलतो तो कथेकरी. या कलेच्या सेवेबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री लाभली.

आता एक परदेशचे उदाहरण घेऊ. २८ जानेवारी १९८६ रोजी, कडाक्याच्या थंडीत उडालेले चॅलेंजर हे अमेरिकन अवकाशयान ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. चौकशी आयोगापुढे रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने सांध्यातील रबराचा तुकडा चापात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला. चाप सोडला, तरी रबर चटकन पूर्ववत झाले नाही. थंडीने रबराची लवचीकता जाते, ही गोष्ट पेलाभर पाण्याने सर्वांस कळली.

यंत्राशी आमचे वैर नाही. नकाशा किंवा सूक्ष्म आकृती मोठ्या सभेस दाखविण्यास पडदा उपयोगीच आहे. परंतु शिष्यवृत्तीची माहिती देण्यास त्याची गरज नाही. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक असे खरे कागद टेबलावर क्रमाने मांडावेत. एकेक उचलून, "हा कोठे मिळतो?" असे सभेसच विचारावे. गेल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलीस तिची हकिकत सांगू द्यावी. अखेरची तारीख फळ्यावर ठळक लिहावी, आणि निघताना प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद द्यावा.

हिशेबाचेही असेच करावे. दहा नाणी मांडून वसतिगृह, शिष्यवृत्ती व कार्यालयीन खर्च यांकडे वाट्याप्रमाणे ती सरकवावीत. मग दहा रुपयांतील किती कोठे गेले, हे निरक्षर आजीबाईसही दिसेल, आणि ती प्रश्न विचारील. तो प्रश्न कार्यकारी मंडळाने आनंदाने ऐकावा. कारण ज्या सभेत प्रश्न उठत नाहीत, तेथे माहिती पोचली असे आम्ही मानीत नाही.