उराकामीची घंटा आणि आपले कर्तव्य
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी देवाचे उपकार आठवावे, पूर्वजांच्या कष्टांचे कौतुक करावे, ही रीत योग्यच आहे. पूर्वीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम प्रकारे केले आहे. आम्हांस मात्र 'जगातील शांतता' हा विषय नेमून देण्यात आला आहे. तो ऐकून कोणी म्हणेल की, राष्ट्राराष्ट्रांचे तह आणि त्यांची अस्त्रे यांचा आमच्या धर्मग्रामाशी काय संबंध? तो मुत्सद्द्यांचा व सेनापतींचा व्यवहार! या शंकेचे निरसन एका धर्मग्रामाची हकीकत सांगून करावे, असे आम्ही योजिले आहे. तो धर्मग्राम म्हणजे जपानातील नागासाकी नगराचा उराकामी.

नागासाकी हे नाव आपणांस परके नाही. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच नगरातील निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढविण्यात आले. १८६२ साली नववे पायस या पोपमहाशयांनी त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांस संतपद दिले. त्यांच्या मरणानंतर जपानी ख्रिस्ती जनांचे हाल संपले नाहीत. १६१४ साली सर्व देशात ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. धर्मगुरू हद्दपार झाले, देवळे पाडण्यात आली. ज्यांच्याविषयी संशय येई त्यांस येशूचे वा पवित्र मातेचे चित्र पायदळी तुडवावयास लावीत. तरीही उराकामीच्या शेतकऱ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे, एकही धर्मगुरू नसता, बाप्तिस्मा आणि प्रार्थना पिढ्यानपिढ्या जतन केल्या. १७ मार्च १८६५ रोजी ओउरा येथील नव्या देवळात त्यांच्यापैकी काही जण आले आणि आपली श्रद्धा तीच आहे, असे त्यांनी फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांच्या कानी हळूच सांगितले.

या धैर्याचे फळ काय मिळाले? सुमारे ३,४०० माणसांस घरदार सोडून दूरदूरच्या प्रांतांत बंदिवासात जावे लागले आणि त्यांतील सहाशेहून अधिक तेथेच मरण पावली. १८७३ साली बंदी उठली, तेव्हा उरलेली मंडळी परतली. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात पवित्र चित्रे तुडवावयास लावीत, तीच जागा मिळवून त्यांनी १८९५ साली तेथे विटांचे देऊळ बांधावयास घेतले. ते १९१४ साली पुरे झाले, आणि १९२५ साली त्यावर घंटांचे दोन मनोरे उभे राहिले. वर्गणी काढून व स्वतःच्या हातांनी देऊळ उभारणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

आता ९ ऑगस्ट १९४५ चा दिवस पाहू. अमेरिकन विमान प्रथम कोकुरा शहराकडे गेले होते. तेथे ढगांमुळे व धुरामुळे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीच्या आकाशात अणुबाँब फुटला. स्फोटस्थानापासून देऊळ अवघे पाचशे मीटर. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, म्हणून दोन धर्मगुरू भाविकांचे पापनिवेदन ऐकत बसले होते. ते व देवळातील सारे भाविक जागीच गेले. त्या धर्मग्रामातील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण प्राणास मुकले. नगरात वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मेली. त्यांत बौद्ध होते, ख्रिस्ती होते, सक्तीने आणलेले कोरियन मजूर होते आणि तान्ही मुलेही होती. त्या अस्त्राने कोणाचा धर्म विचारला नाही, वय विचारले नाही, आणि अपराध तर नाहीच नाही.

त्या नगरातील वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरणांचे अध्यापक असलेले डॉक्टर ताकाशी नागाई हे उराकामीचेच भाविक. त्यांची पत्नी घरातच जळून गेली. राखेत तिच्या अस्थी व जपमाळ त्यांच्या हाती लागली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी पडक्या देवळापाशी मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा त्यांनी शोकाकुल आप्तांस सांगितले की, आपली माणसे जगाच्या पापासाठी देवाला वाहिलेला निष्कलंक होमबली होत. दुःखाने पोळलेल्या माणसाचे ते उद्गार; त्यांस नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या बोलांनी पुष्कळांचे अश्रू पुसले. तथापि, पुढे कित्येकांच्या मनात प्रश्न उभा राहिला: हे देवाने घडविले म्हणावे, तर ज्यांनी युद्ध पुकारले व ज्यांनी बाँब टाकला त्यांच्या माथी काहीच दोष नाही काय?

२५ फेब्रुवारी १९८१ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी हिरोशिमा येथे या प्रश्नास निःसंदिग्ध उत्तर दिले. युद्ध ही मनुष्याची करणी होय, असे ते म्हणाले. बंधुभगिनींनो, आजच्या आमच्या बोलण्याचे सार एवढ्यातच आहे. महापूर आला, भूकंप झाला, तर आपण हात जोडतो आणि सोसतो. परंतु जे मनुष्याने केले ते मनुष्यास थांबविता येते; आणि जे थांबविता येते, त्याविषयी मूक राहणे हीदेखील एक करणीच ठरते.

हे मौन कसे घडते याचे उदाहरण आपल्याच धर्मसमाजात आहे. ज्या तिनियन बेटावरून ती विमाने उडाली, तेथे फादर जॉर्ज झाबेल्का हे वायुदळाच्या कॅथलिक सैनिकांचे धर्मगुरू होते. निरपराध नागरिकांवर बाँब टाकणे पाप आहे, असे आपण त्या तरुणांस एकदाही सांगितले नाही, याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केला. ते दुष्ट होते काय? मुळीच नव्हे. सगळे गप्प होते, तेही गप्प राहिले.

महायुद्धाच्या अनुभवानंतर, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द जाऊन 'सर्व मानव' हे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहाने. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या प्रकरणी जग अणुयुद्धाच्या कड्यावर जाऊन परतले, आणि ११ एप्रिल १९६३ रोजी तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस' हे परिपत्रक काढले. त्याची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे: आरंभी मनुष्याचे हक्क व कर्तव्ये, आणि नंतर शस्त्रत्याग. जो शेजाऱ्याचा जगण्याचा हक्क मानीत नाही, त्याच्या शांतीच्या गोष्टी पोकळच होत.

कोणी देशभक्त विचारील, "शेजारी सशस्त्र असता आम्हीच तेवढे शस्त्र खाली ठेवावे काय?" प्रश्न रास्त आहे. मे १९९८ मध्ये भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, हे आपण विसरलेलो नाही. परंतु त्या परिपत्रकात मागणी आहे ती सर्वांनी, एकाच वेळी आणि परस्परांस तपासू देऊन शस्त्रे कमी करण्याची. हे अशक्य नाही. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती; आज नऊ राष्ट्रांपाशी मिळून सुमारे बारा हजार आहेत. मनुष्याने केले ते मनुष्याने मोडले. २०१७ साली १२२ राष्ट्रांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला आणि पवित्र पीठाने त्यास त्याच वर्षी मान्यता दिली. त्या नऊ राष्ट्रांपैकी एकही त्यात आलेले नाही. आपला देशही नाही. अशी अस्त्रे वापरणेच नव्हे, तर बाळगणेही नीतीविरुद्ध आहे, असे फ्रान्सिस पोपमहाशयांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमात सांगितले. आपल्या सरकारने अस्त्र प्रथम न वापरण्याचे धोरण जाहीर केले आहे, याचे आम्हांस समाधान वाटते. पण समाधान म्हणजे विश्रांती नव्हे.

मग एका धर्मग्रामाने करावे तरी काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात संत गोन्सालो यांची कथा सांगताना उराकामीचीही सांगावी. दरसाल ९ ऑगस्टला मृतांसाठी मिस्सा अर्पण करावी. मते मागावयास येणाऱ्या उमेदवारांस या कराराविषयी नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. आणि घराच्या ओट्यावर बसून शेजारच्या राष्ट्रातील साऱ्या माणसांचा नाश इच्छिणारे बोलणे निघेल, तेव्हा तेथेच ते थांबवावे. या शेवटच्या गोष्टीस पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. धैर्य मात्र लागते. जपानातील अणुपीडितांनी १९५६ साली आपली संघटना स्थापिली आणि व्याधिग्रस्त देहांनी देशोदेशी जाऊन साक्ष दिली. २०२४ साली त्या संघटनेस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तीही साधीच माणसे होती.

उराकामीच्या दोन घंटांपैकी एक फुटली, दुसरी ढिगाऱ्यात अभंग सापडली. वाचलेल्या भाविकांनी ती उकरून काढली आणि १९४५ च्या नाताळात वाजविली. दुसरा मनोरा मात्र ऐंशी वर्षे मुका राहिला. अखेर अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी करून नवी घंटा दिली. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या प्राध्यापकाचे आजोबा अणुबाँबच्या प्रकल्पात डॉक्टर होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ११ वाजून २ मिनिटांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्यांच्या राष्ट्राने घाव घातला आणि ज्यांनी तो सोसला, त्या दोघांनी मिळून हे साधले. शांतिराजा प्रभू आपणांसही अशी बुद्धी व असे बळ देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.